आरसा-ड्युटी

सगळ्यात आधी सांगून टाकते, मी बरी आहे. उजवा गाल पडलाय, उजवा डोळा पुरता मिटत नाही, चहा प्यायले की एका कोपऱ्यातून थोडा गळतो, आणि मी बरी आहे. ज्यांना एवढंच जाणून घ्यायचं होतं त्यांनी खुशाल इथे थांबावं. ज्यांच्या स्वतःच्या किंवा घरच्या कुणाच्या चेहऱ्याचं ऑपरेशन ठरलंय, त्यांनी मात्र शेवटपर्यंत वाचा. त्यांच्यासाठीच लिहायला बसलेय, नाहीतर मला लिहिण्याची हौस नाही.

मी नलिनी. परळच्या म्युनिसिपालटीच्या हॉस्पिटलात उभी हयात सिस्टर म्हणून काढली. राहते लालबागच्या चाळीत, दुसऱ्या मजल्यावर. घरात मी आणि माझा नवरा मनोहर. तोंडावर मी त्याला ‘अहो’ म्हणते, पण लिहिताना सारखं ‘आमचे हे’ लिहायचा कंटाळा येतो. त्याला विचारलंय, चालेल म्हणाला.

बोटीवर चाललीस?

निवृत्तीनंतर मी जहाजावर गेले. मौजमजेच्या नव्हे, हॉस्पिटलच्या. गरीब देशांच्या बंदरात महिनोन् महिने उभं राहायचं आणि ज्यांच्या गावाला सर्जन कधी फिरकलेला नाही अशा लोकांची फुकट ऑपरेशनं करायची, हा त्या जहाजाचा उद्योग. कॅप्टनपासून भांडी घासणाऱ्यापर्यंत सगळे स्वयंसेवक. माझ्याबरोबर काम केलेली एक सिस्टर जाऊन आली होती, तिच्याकडून कळलं आणि माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला.

मनोहर म्हणाला, “चाळीतली माणसं रिटायर झाली की गावाला जाऊन काजूची कलमं लावतात. तू बोटीवर चाललीस?”

“कलमं तुम्ही लावा,” मी म्हटलं. “मी येते सहा महिन्यांनी पाणी घालायला.”

तर जहाज आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर एका बंदरात उभं होतं. खरं सांगते, चाळीत वाढलेल्या माणसाला जहाज फार सोपं जातं. एका केबिनमध्ये चौघी, प्रत्येकीच्या बंकला एक पडदा, आंघोळीचं पाणी मोजून, कुणी शिंकलं तर पलीकडून ‘देव भलं करो’ ऐकू येणार. माझ्या केबिनमधल्या परदेशी मुली पहिल्या आठवड्यात रडकुंडीला आल्या. मी पडदा ओढला आणि घोरायला लागले. त्यांनी तक्रार केली ती त्याचीच.

वॉर्ड खालच्या मजल्यावर, खिडकी नाही. सकाळी रात्रपाळीकडून चार्ज घ्यायचा, मग ड्रेसिंग, मग औषधं. पेशंटच्या खाटेखाली गादी घालून त्याचा नातेवाईक झोपतो, त्यामुळे खाटेजवळ जाताना आधी खाली बघायचं, नाहीतर कुणाच्या तरी आईच्या हातावर पाय. दुपारी जेवणाला भात आणि शेंगदाण्याचं कालवण. त्यानंतर चालू शकणाऱ्या सगळ्यांना वरच्या डेकवर न्यायचं, हवा खायला. तोंडाला बँडेज, नाकात नळ्या, आणि ढोलकं वाजवून नाच. आमच्या गणपतीत यायला हवी होती ती मंडळी.

आता मुख्य गोष्ट. त्या वॉर्डात भिंतीवर आरसा नव्हता. मुद्दामच. तिथे येणारे निम्मे पेशंट चेहऱ्याचे. कुणाच्या जबड्यावर नारळाएवढी गाठ, कुणाचा ओठ फाटलेला, कुणाचा गाल भाजून आक्रसलेला. वर्षानुवर्षं फडक्यात तोंड गुंडाळून जगलेली माणसं. ऑपरेशननंतर नवं तोंड कधी बघायचं हे त्यांनी ठरवायचं. आरसा एकच, हातात धरायचा, ड्रॉवरमध्ये उशीच्या खोळीत ठेवलेला. पेशंटने मागितला की ज्याची ड्युटी असेल त्याने तो घेऊन जायचा. आणि समोर उभं राहून दाखवायचा नाही. खाटेवर पेशंटच्या शेजारी बसायचं, खांद्याला खांदा लावून, आणि आरसा असा धरायचा की दोघांचीही तोंडं त्यात येतील. एकट्याला त्यात सोडायचं नाही. पेशंट पहिला शब्द बोलेपर्यंत आपण बोलायचं नाही. ‘छान दिसतोस’ तर अजिबात म्हणायचं नाही.

आमची वॉर्डची इन्चार्ज मार्गारेट. न्यूझीलंडची, काठीसारखी उंच, बोलणं कमी. तिने मला ही ड्युटी दिली. का, ते सांगितलं नाही. मला वाटतं माझं तोंड बघून कुणाला भीती वाटत नसावी. गोल, साधं, कुंकू लावलेलं तोंड.

आमिनाता

आमिनाता आली तेव्हा तिच्या डोक्यापासून गळ्यापर्यंत नारिंगी कापड होतं. विशीतली पोर. डाव्या जबड्याची गाठ एवढी की तोंड मिटत नव्हतं. मला ती ‘मामा इंडिया’ म्हणायची. तिकडे मामा म्हणजे आई. परळच्या हॉस्पिटलात मामा म्हणजे वॉर्डबॉय, पण हे मी तिला सांगितलं नाही.

एकदा ऑपरेशनच्या आधी मी तिची गाठ तपासत होते, तर तिने हात वर केला आणि माझ्या उजव्या कानाखाली बोट ठेवलं. दाबलं. काहीतरी म्हणाली. आमचा दुभाषा इब्राहिम, त्या बंदराच्याच गावचा सडपातळ तरुण मास्तर, हसत म्हणाला, “ती विचारते, मामा, तुलापण?”

मी पण हसले. मग बाथरूममध्ये जाऊन स्वतः बोट लावून पाहिलं. बोराएवढं, कडक, हलत नव्हतं. हसू तिथेच बंद झालं.

आमिनाताचं ऑपरेशन झालं. गाठ काढून जबड्याच्या जागी धातूची पट्टी बसवली. हाड बसवायचं दुसरं ऑपरेशन पुढच्या मोसमात. कित्येक दिवसांनी तिने आरसा मागितला आणि मी शेजारी बसले. तिने बराच वेळ बघितलं. मग म्हणाली, “मी माझ्या आईसारखी दिसते. मला माहीतच नव्हतं.” इब्राहिमने ते मला सांगितलं, तिला मात्र अजून आरसा सोडायचा नव्हता.

निघताना मार्गारेटला मी सांगितलं, “पुढच्या मोसमात येतेच. तिच्या आरशाला मीच बसणार.”

दोन चहा

मुंबईला उतरल्यावर पहिल्याच आठवड्यात दाखवलं. तपासण्या झाल्या, सुईने तुकडा काढला. निकालाच्या दिवशी मनोहर बरोबर होता. इस्त्रीचा शर्ट घालून आला होता, लग्नाला चालल्यासारखा.

डॉक्टर तरुण होते. फाइल मिटून म्हणाले, “सिस्टर, तुम्हाला गोलगोल सांगण्यात अर्थ नाही. कॅन्सर आहे. लाळेच्या ग्रंथीचा. काढता येईल. पण चेहरा हलवणारी नस त्याच ग्रंथीतून जाते, आणि गाठीने तिला धरलंय.”

मी विचारलं, “तोंड वाकडं होईल?”

त्याच वेळी मनोहरने विचारलं, “जगेल ना?”

डॉक्टरांनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि म्हणाले, “दोघांच्याही प्रश्नाचं उत्तर बहुतेक हो आहे.”

मला इतकी लाज वाटली म्हणून सांगू. नवरा जिवाचं विचारतोय आणि बाई तोंडाचं. पण माझ्या डोळ्यांपुढे तेव्हा मरण नव्हतंच. तो ड्रॉवर होता, ती खोळ होती. तिथे बसायचं तर आपलंही तोंड आरशात धरावं लागतं. वाकडं तोंड घेऊन मी कुठल्या पेशंटच्या शेजारी बसणार? त्याला धीर देणार की घाबरवणार?

बाहेर टपरीवर मनोहरने दोन चहा सांगितले आणि दोन्ही स्वतःच पिऊन टाकले. मग रिकामे ग्लास बघून म्हणाला, “अगं, तुझा राहिला.” त्या क्षणी मला कळलं की हा माझ्यापेक्षा जास्त घाबरलाय.

पापणीत सोनं

नर्स पेशंट झाली की तिच्यासारखा वाईट पेशंट नाही. मी माझंच सलाईन स्वतः हळू केलं, शेजारच्या बाईचं कॅथेटर वाकलंय म्हणून आरडाओरडा केला, एका शिकाऊ पोरीला चादरीचा कोपरा कसा दुमडायचा ते झोपल्या झोपल्या शिकवलं. शेवटी वॉर्डातल्या मावशी कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. “सिस्टर, लई झालं. आता तुमी पेशंट हाय. गप पडा.” मी गप पडले. पुढे माझं तोंड कोरडं पडायचं तेव्हा त्याच मावशी न मागता बर्फाचा खडा आणून द्यायच्या. काम संपल्यावर, घरी जायच्या आधी. मावशींचे उपकार मी विसरणार नाही.

ऑपरेशन लांबलं. नस कापावी लागली. त्यांनी पायातली एक बारीक नस काढून तिथे जोडली, पण ती धरली तर सावकाश धरेल, पुरती नाहीच. आणि डोळा मिटावा म्हणून वरच्या पापणीत सोन्याचा एक इवलासा पत्रा शिवला. खरंच सोन्याचा. वजनाने पापणी खाली येते. मनोहरला सांगितलं तर म्हणाला, “एवढं शुद्ध सोनं मी तुला लग्नातसुद्धा घातलं नव्हतं.” मी हसायला गेले आणि हसू एकाच बाजूला गेलं. दुसऱ्या बाजूला काहीच झालं नाही. ते मला आतून जाणवलं, बघावं लागलं नाही.

बघणार तर नव्हतेच. हॉस्पिटलच्या बेसिनवर आरसा होता. मी नळाकडे बघत दात घासायचे. जेवणाचं स्टीलचं ताट आलं की आधी त्यावर वरण ओतायचे.

देव आले राहायला

घरी आले आणि पाहते तर आमच्या लोखंडी कपाटाच्या आरशावर गणपतीचं हे मोठं कॅलेंडर. कपाट खोलीच्या बरोब्बर मधोमध, दारात पाऊल टाकलं की समोर आरसा. मनोहरने कणकेची खळ शिजवून कॅलेंडर चारही बाजूंनी चिकटवलं होतं.

“तुला बरं वाटावं म्हणून,” म्हणाला.

मला कसं वाटलं ते सांगते. आपल्याच घरात आपलं तोंड झाकण्याच्या लायकीचं झालं, असं वाटलं. मी काही बोलले नाही. बोलायला गेले की ‘प’ आणि ‘फ’ फुसके निघायचे, म्हणूनही बोलत नव्हते. मी आत आले आणि दार लावून घेतलं.

चाळीत राहिलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. दिवसाढवळ्या दार लावणं म्हणजे घरात काहीतरी भयंकर घडलेलं असतं. आमच्याकडे दार सकाळी उघडतं ते झोपताना बंद होतं, मधल्या वेळात अख्खी गॅलरी आपल्या घरातून जातेयेते. मी दार लावलं आणि पाच मिनिटांत शेवंताकाकी आल्या. शेजारच्याच खोलीतल्या, मालवणच्या, वय सत्तरच्या पुढे, आवाज मात्र तळमजल्यापर्यंत.

“नलू! दार कित्याक लावलंस गो? कोण मेला काय?”

मी उघडलं नाही. काकींनी कडी वाजवून वाजवून शेवटी उंबऱ्याबाहेर टोप ठेवला. उकड्या तांदळाची पेज, मऊ, कोमट. तोंडाच्या एका बाजूने खाता येईल अशी. कुणी सांगितलं नव्हतं त्यांना. रोज तोच प्रकार. आधी दारावर बडबड, मग टोप. दोनचार दिवसांनी मी टोप घेण्यापुरतं दार उघडलं आणि काकींनी पाय आत घातला. झालं. माझ्या तोंडाकडे नीट बघितलं, गालावर घेतलेली ओढणी बाजूला करून बघितलं, आणि म्हणाल्या, “हात्तिच्या! माका वाटला नाक कापल्यानी.”

मग त्यांना कॅलेंडर दिसलं. “देव उघड्यार कसो ठेवलास?” म्हणत दुसऱ्या दिवशी जास्वंदीचं फूल घेऊन आल्या आणि कपाटाच्या कडीत अडकवलं. तिसऱ्या दिवशी उदबत्ती. आठवड्याभरात आमचं कपाट म्हणजे देव्हारा झाला. कपडे काढायचे तर देवासकट दार उघडायचं, म्हणून मनोहर आधी नमस्कार करायचा आणि मग बनियन काढायचा. मला पाहिजे होतं ते मिळालं. आता तो आरसा उघडा करायची कुणाची छाती नव्हती.

साच्याच्या आतलं जहाज

पुढे रेडिएशन. चेहऱ्यावर जाळीचा गरम साचा दाबून बसवतात, तो गार होऊन कडक होतो, आणि रोज त्याने तुमचं डोकं टेबलाला जखडतात. मग सगळे बाहेर जातात, जाड दार बंद होतं, आणि तुम्ही एकटे. पहिल्या दिवशी मी इतकी घाबरले की हात वर करून थांबवलं. हा हात वर करायचा हक्क तुम्हालाही आहे, वापरा. कुणी रागावत नाही.

दुसऱ्या दिवशी युक्ती केली. साचा बसला की मी मनात जहाजावर जायचे. पडदा सरकवायचा. जिना उतरायचा. चार्ज घ्यायचा. खाटेखाली कुणाची आई झोपलीय का बघायचं. औषधाची ट्रॉली, तिचं एक चाक कुरकुरतं. भात, शेंगदाण्याचं कालवण. मग सगळ्यांना घेऊन डेकवर, वारा, ढोलकं. डेकवर पोचेपर्यंत मशीन थांबलेलं असायचं. कितीही चाललं तरी मी ड्रॉवरपाशी मात्र जात नसे. ट्रॉली तिथून वळवायची.

तोंडाची चव गेली. काकींनी बांगड्याचं तिखलं केलं, माझ्या आवडीचं, आणि मला ते लोखंड चघळल्यासारखं लागलं. घशात फोड आले. मनोहरवर मी कारण नसताना खेकसायची आणि तो गॅलरीत जाऊन उभा राहायचा. एकदा त्याचे खांदे हलताना दिसले. मी आत भांडी आपटत राहिले, कारण बाहेर गेले असते तर दोघंही कोसळलो असतो. असंच असतं. घरोघरी असंच असतं, म्हणून लिहितेय.

मग मार्गारेटचा निरोप आला, फोनवर. जहाज पुन्हा त्याच बंदरात येणार होतं. तुझ्या तब्येतीचं कळलं, डॉक्टरांनी हो म्हटलं तर ये. आमिनाता दुसऱ्या ऑपरेशनला येतेय, मामा इंडिया कुठेय विचारते. आरसा-ड्युटी तुझ्या नावावर लावू का?

मी उत्तर दिलं नाही. दिवसभर नाही, आठवडाभर नाही.

उत्तरपूजा

मनोहरने तो निरोप वाचला. मीच वाचायला दिला. म्हटलं, “नाही म्हणून कळवा. तुमचं इंग्लिश बरं आहे.”

तो म्हणाला, “का? डॉक्टर तर म्हणाले, असंच सुधारत राहिलं तर वर्षभरात पाठवू.”

“मी नाही जात.”

“पेशंटच्या शेजारी बसून आरशात बघावं लागतं म्हणून?”

जहाजाच्या गोष्टी मी त्याला सांगायचे तेव्हा हा क्रिकेट बघत असायचा. मला वाटायचं भिंतीशी बोलतेय.

रविवारी सकाळी आंघोळ करून, सोवळं नेसून तो कपाटापुढे उभा राहिला. हातात तांब्याची पळी, अक्षता. शेवंताकाकी दारात.

“काय करताय?” मी विचारलं.

“देवाला असंच ओरबाडून काढता येत नाही. उत्तरपूजा करावी लागते.”

आणि केली हो त्याने! कॅलेंडरला गंध लावलं, फूल वाहिलं, दहीपोह्यांचा नैवेद्य दाखवला. अक्षता टाकल्या आणि गणपती उठवताना मूर्ती जराशी हलवतात ना, तसं कपाटच हलवलं. कपाटावरची बॅग खाली पडली. काकी गंभीर चेहऱ्याने टाळ्या वाजवत आरती म्हणत होत्या. मग ओल्या फडक्याने त्याने कडा भिजवल्या आणि कॅलेंडर अलगद सोडवलं. “पुढच्या वर्षी लवकर या,” काकी सवयीने ओरडल्या. मनोहर म्हणाला, “नको. पुढच्या वर्षी मंडपातच भेटू, देवा.”

मी हसत होते. इतक्या महिन्यांनी मी पोट धरून हसत होते. आणि तशीच हसत असताना तो खाटेवर माझ्या शेजारी येऊन बसला, खांद्याला खांदा लावून. काकी निघून गेल्या आणि जाताना, आयुष्यात पहिल्यांदाच, त्यांनी आमचं दार बाहेरून ओढून घेतलं.

समोर आरसा. कडेला खळ आणि कागदाचे तुकडे, एका कोपऱ्यात गणपतीचा अर्धा कान राहिलेला.

मी पाहिलं. अर्धं तोंड हसण्यातून सावरत होतं आणि अर्धं नुसतं लोंबत होतं. कानापासून गळ्यापर्यंत टाक्यांचा वण. ही कोण बाई, असं वाटलं. मग रडू आलं, मोठ्याने, लहान पोरासारखं. मनोहर बोलला नाही. ‘छान दिसतेस’ म्हणाला असता तर मी त्याला घराबाहेर काढलं असतं. तो नुसता खांदा टेकवून आरशात बघत राहिला, माझ्याकडे आणि स्वतःकडे. पहिला शब्द मी बोलेपर्यंत.

शेवटी मी म्हटलं, “मिशीची एक बाजू रंगवायची राहिलीय तुमची.”

“तुझी एक बाजू पडलीय, माझी एक पांढरी,” तो म्हणाला. “फिट्टंफाट.”

त्याच दुपारी मी मार्गारेटला कळवलं. लाव माझं नाव.

कोण मेला काय

डॉक्टरांचा होकार मिळायला वेळ लागला. स्कॅन झाले, पुन्हा झाले, स्वच्छ आले. बांगड्याची चव परत आली त्या दिवशी मी दोन ताटं जेवले. चाळीने मला निरोप दिला तो ढोल लावून, सगळ्यांसमोर, आणि मी ओढणी न घेता जिना उतरले.

जहाजावर चढले ती थेट खालच्या मजल्यावरच्या वॉर्डात गेले. आमिनाताचं ऑपरेशन होऊन गेलं होतं, हाड बसवलं होतं. डावी बाजू सुजलेली आणि अजून न हलणारी. समोरच्या खाटेवर एक म्हातारे कोळी होते, त्यांच्या गालावरची गाठ काढली होती. त्यांना आरसा विचारला की ते भिंतीकडे तोंड करायचे. हे मार्गारेटने मला चार्ज देताना सांगितलं आणि माझ्या तोंडाकडे सरळ बघत ड्रॉवरची किल्ली हातात ठेवली.

आमिनाताने मला बघितलं. मी आरसा खोळीतून काढला. ती सरकली आणि मी तिच्या डाव्या हाताला बसले. खांद्याला खांदा. आरसा धरला.

नियमाप्रमाणे मी गप्प. तिने स्वतःकडे एकदा पाहिलं आणि मग माझ्याकडे पाहायला लागली. आरशातच. खूप वेळ. मग तिने हात वर केला आणि माझ्या उजव्या कानाखाली, जिथे तेव्हा ठेवलं होतं बरोब्बर तिथे, बोट ठेवलं. तिथे आता खळगा आहे.

इब्राहिम म्हणाला, “ती म्हणते, गेलं.”

मी मान हलवली.

ती आणखी काही म्हणाली. इब्राहिम अडखळला. “ती म्हणते, आज पहिला शब्द मामा इंडियाने बोलायचा.”

सगळा वॉर्ड आमच्याकडे बघत होता. खाटेखालच्या आयासुद्धा उठून बसल्या होत्या. माझ्या तोंडून जे निघालं ते थेट लालबागहून आलेलं होतं.

“कोण मेला नाय!”

“काय?” इब्राहिमने विचारलं.

“तिला सांग, कुणी मेलेलं नाही. आम्ही दोघीही आहोत.”

त्याने सांगितलं आणि आमिनाता हसली. आरशात काय दिसलं सांगू? तिची डावी बाजू पडलेली, माझी उजवी, आणि त्या दोन्ही मधोमध एकमेकींना चिकटलेल्या. बाहेरच्या दोन्ही बाजू वर गेलेल्या, तिची आणि माझी. एक लांबरुंद, सबंध हसू. दोघींचं मिळून एक. मग टाळ्या सुरू झाल्या, कुणीतरी थाळी वाजवायला घेतली, आणि मी आरसा धरून ढसाढसा रडत आणि हसत बसले.

त्या गोंधळात समोरच्या खाटेवरून आवाज आला. म्हाताऱ्या कोळ्यांनी भिंतीकडचं तोंड इकडे वळवलं होतं आणि हात पुढे केला होता.

मी आरसा खोळीत घातलाच नाही. तसाच घेऊन त्यांच्याकडे गेले आणि अस्सल चाळीच्या आवाजात म्हटलं, “सरका जरा.”